‘पर्यंत’ आणि ‘खाली’

लग्नाच्या बायोडेटावर मामाने माझ्या नावापुढे ‘एमएनसीमध्ये कोडर’ असं लिहिलं होतं. बघायला आलेल्यांपैकी दोघांनी मला पायथन येतं का, असं विचारलं. एकाच्या वडिलांनी तर गावच्या सोसायटीचं सॉफ्टवेअर अडलंय, जरा बघता का म्हणून गळ घातली. मला पायथन येत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या ऑपरेशनच्या नोंदी मी वाचते आणि प्रत्येक ऑपरेशनला पाच आकड्यांचा एक नंबर देते. त्या नंबरावर तिथल्या सर्जनचं बिल विमा कंपनीकडे जातं. नऊ वर्षं झाली, पुण्यात खराडीला बसून मी हेच करते. त्यातली सहा वर्षं माझ्या वाट्याला बहुतेक गाठीच आल्या. चरबीच्या, स्नायूतल्या, साध्या, वाईट, सगळ्या.

मी कराडजवळच्या गावची. बी.एस्सी. झूलॉजी. २०१५ साली पदवी हातात पडली तेव्हा पुढे काय, याचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं. बी.एड. कर म्हणणारे होते, एमपीएससीला बस म्हणणारे होते. मैत्रिणीच्या बहिणीने पुण्यातला एक क्लास सांगितला, तीन महिन्यांत मेडिकल कोडिंग. आप्पांनी उसाच्या बिलातून फी भरली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अमेरिकेने आजारांची जुनी संकेतावली सोडून आयसीडी-१० घेतली होती. जुन्या यादीत चौदा हजारांच्या आसपास नंबर होते, नव्या यादीत सत्तर हजारांच्या घरात गेले. पूर्वी नुसता ‘हात’ चालायचा, आता उजवा का डावा तेही सांगायचं. त्यामुळे माणसं हवीच होती. वर्गात बी.फार्म. होते, बीएचएमएस झालेले दोघे होते, एक फिजिओथेरपिस्ट होती. दवाखाना टाकायला पैसे नाहीत म्हणून डॉक्टर झालेली मुलं आमच्या शेजारी बसून शरीरातली हाडं पुन्हा पाठ करत होती, हे मला तेव्हा फार चमत्कारिक वाटलं होतं. आता वाटत नाही. आमच्या फ्लोअरवर असे पुष्कळ आहेत.

कामाची जागा अशी: मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, पाण्याच्या बाटलीशिवाय काही आत न्यायचं नाही. रुग्णाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून अमेरिकेत १९९६ साली हिपा नावाचा कायदा झाला, त्याचा हात खराडीपर्यंत पोचतो. लोकांना वाटतं आम्ही रात्रपाळी करतो. रात्रपाळी कॉलिंगवाल्यांना, ज्यांना तिथल्या विमा कंपन्यांशी फोनवर बोलावं लागतं. आम्हाला कोणाशी बोलायचं नसतं. समोर स्क्रीनवर चार्ट असतो, म्हणजे रुग्णाच्या नोंदी, आणि त्या कुठल्याही वेळी वाचल्या तरी चालतं. मी सकाळी साडेसातची कॅब धरते.

ऑपरेशनच्या नंबरांचं पुस्तक म्हणजे सीपीटी. ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं. पहिल्यांदा १९६६ साली निघालं आणि आता दरवर्षी १ जानेवारीपासून नवं लागू होतं. हाडं-स्नायूंचं प्रकरण वीस हजारांपासून सुरू होतं आणि आमच्या गाठी त्यातच विखुरलेल्या आहेत. मान आणि छातीचा पुढचा भाग एकवीस हजार पाचशेंत, पाठ एकवीस हजार नऊशेंत, दंड चोवीस हजारांत, मांडी सत्तावीस हजारांत, पाऊल अठ्ठावीस हजारांत. २०१० पर्यंत ही विभागणी ढोबळ होती. पाठीवरची त्वचेखालची गाठ काढली की २१९३०, मग ती हरभऱ्याएवढी असो की नारळाएवढी. २०१० च्या पुस्तकात मापं आली. पाठीवरची, त्वचेखालची, तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर २१९३०. तीन किंवा त्याहून मोठी असेल तर २१९३१. स्नायूच्या आवरणाखालची, पाचपेक्षा लहान, २१९३२. पाच किंवा जास्त, २१९३३. हातापायांच्या बोटांत जागाच कमी, म्हणून तिथे सीमारेषा दीड सेंटिमीटरवर. चेहऱ्यावर दोनवर. नवे नंबर घुसवताना जागा पुरली नाही, म्हणून मानेच्या भागात २१५५५ च्या नंतर २१५५२ छापलेलं आहे, शेजारी एक खूण करून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

म्हणजे गाठीचा चार्ट उघडला की तीन गोष्टी शोधायच्या. कुठे, किती खोल, किती मोठी. तिन्ही सर्जनने स्वतः लिहिलेल्या असायला हव्यात. ऐकायला सोपं आहे.

‘किती खोल’ हे मला पुस्तकातून कधी कळलंच नव्हतं. क्लासमधल्या सरांनी फळ्यावर थर काढले होते: वर कातडी, खाली चरबी, मग फॅशिया, मग स्नायू. फॅशिया म्हणजे स्नायूंवरचं आवरण, एवढं पाठ केलं आणि सोडून दिलं. पुढे एका रविवारी गावी गेले होते. आई परसात मटण साफ करत बसली होती. मांसावरचा पांढुरका, चिवट पडदा नखाने उचकटून काढत होती आणि तो निघेना म्हणून बकऱ्यावर, खाटकावर आणि आप्पांवर एकदमच चिडत होती. मी बघत राहिले. पडद्याच्या वर पिवळी चरबी, पडद्याच्या खाली लाल मांस. एका बोटाच्या अंतरात सगळं प्रकरण. तेव्हापासून चार्टमध्ये फॅशिया शब्द आला की मला आईचं नख दिसतं. नव्या मुलींना शिकवताना मी हेच सांगते, शाकाहारी असतील त्यांना मात्र संत्र्याच्या फोडीवरून समजवावं लागतं आणि ते तितकंसं जमत नाही.

माझी पहिली मोठी चूक मापाची. पाठीवरची गाठ होती. सर्जनने लिहिलं होतं की चार सेंटिमीटरचा छेद घेतला, गाठ सोडवली, पूर्ण काढली. मी चार धरलं आणि २१९३१ दिला. ऑडिटमध्ये एरर लागली. छेद चारचा होता, गाठ अडीचची होती आणि ते अडीच खाली शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं. छेदाची लांबी म्हणजे गाठीचं माप नव्हे. पोत्याचं तोंड किती रुंद आहे त्यावरून आत किती धान्य आहे ते ठरवल्यासारखं मी केलं होतं. आमच्याकडे अचूकतेचं टार्गेट पंच्याण्णव टक्के असतं. महिन्यात अशा थोड्या चुका झाल्या की इन्सेंटिव्ह गेला आणि पुन्हा ट्रेनिंगला बसा.

माप कसं धरायचं याचा नियम वाचायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. गाठीचा सगळ्यात मोठा व्यास, त्यात ती पुरती निघावी म्हणून भोवतीची जी कमीत कमी निरोगी कड घ्यावी लागली ती मिळवायची, आणि हे सगळं ऑपरेशनच्या वेळी सर्जनने मोजलेलं असलं पाहिजे. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टातलं माप शक्यतो घ्यायचं नाही, कारण शरीरातून सुटलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये आकसतो. पण सर्जन मोजायचं विसरतात. किंवा मोजतात आणि लिहायचं विसरतात. मग आम्ही चार्ट होल्डवर टाकतो, क्वेरी पाठवतो आणि वाट बघतो. उत्तर आलंच नाही तर त्या जागेचा सगळ्यात लहान मापाचा नंबर द्यायचा. नारळाएवढी गाठ काढून सर्जनला हरभऱ्याचे पैसे मिळतात. चूक त्याचीच असते, पण मला वाईट वाटतं.

आणि काही सर्जन मोजतच नाहीत, उपमा देतात. आपल्याकडे गाठ बोराएवढी असते, सुपारीएवढी असते, लिंबाएवढी असते. तिकडेही तसंच. द्राक्षाएवढी, अक्रोडाएवढी, अंड्याएवढी. एका चार्टात होतं, गोल्फच्या चेंडूएवढी. मी गोल्फचा चेंडू उभ्या जन्मात हातात घेतलेला नाही. पण हुशारी करायची खुमखुमी होती. घरी जाऊन मोबाइलवर शोधलं, तर खेळाच्या नियमानुसार चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. म्हणजे सव्वाचार सेंटिमीटर. तीनच्या वरच! दुसऱ्या दिवशी मोठ्या मापाचा नंबर दिला आणि शेरा लिहिला की आधार, गोल्फचे नियम. ऑडिटर मॅडम लातूरकडच्या. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“हे सर्जन गोल्फ खेळतात असं चार्टात लिहिलंय का?”

“नाही मॅडम.”

“मग त्यांनी चेंडू कुठं बघितला आन् केवढा बघितला, ते तुम्हाला काय माहीत? उद्या कुणी फणसाएवढी लिहील. कुठला फणस धरणार, कोकणातला की आमच्याकडचा?”

आमच्याकडे ऑडिटरशी वाद घालायची रीतसर सोय आहे, तिला रिबटल म्हणतात. मी रिबटल टाकला नाही.

पण ज्या चुकीने मला खरं कोडिंग शिकवलं ती पुढच्याच महिन्यात झाली. खांद्यामागची गाठ. सर्जनने लिहिलं होतं की छेद फॅशियापर्यंत नेला आणि गाठ भोवतालच्या ऊतींपासून मोकळी केली. मी फॅशिया शब्द वाचला, डोळ्यांपुढे आईचं नख आलं आणि आवरणाखालचा नंबर देऊन मोकळी झाले. त्या नंबराला पैसे जास्त आहेत, कारण स्नायूत शिरणं जास्त जोखमीचं. पुन्हा बोलावणं.

“हे वाचा बरं मोठ्यानं.”

मी वाचलं.

“पर्यंत. बरोबर? फॅशियापर्यंत. फॅशिया उघडली असं लिहिलंय? तिच्या खाली गेले असं लिहिलंय?”

“नाही.”

“वेशीपर्यंत जाऊन आलेला माणूस गावात जेवून आला असं आपण धरत नाही ना?”

हे वाक्य मी वहीत लिहिलं असतं, पण वही लॉकरमध्ये होती. इंग्रजीतल्या दोन छोट्या शब्दांचा फरक, आणि त्यावर बिल बदलतं, सर्जनच्या नावावर तपासणी लागू शकते, जास्तीचे घेतलेले पैसे परत मागितले जातात. तेव्हापासून मी चार्ट वाचताना नामं सोडून देते आणि शब्दयोगी अव्ययं बघते. पर्यंत, मधून, खाली, वर, लगत. शाळेत मराठीच्या बाईंनी अव्ययं घोटून घेतली होती, त्यांचा एवढा उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

गाठींच्या जगात वेषांतर करून आलेलेही असतात. कातडीतल्या ग्रंथीची गाठ, जिला आपण मोघम सिस्ट म्हणतो, ती हाताला चरबीच्या गाठीसारखीच लागते. पण ती कातडीची. तिचे नंबर अकरा हजारांत, ११४०० पासून पुढे, आणि पैसे बरेच कमी. सर्जन वर ‘त्वचेखालची गाठ’ असं शीर्षक देतो, खाली वर्णन मात्र सिस्टचं करतो आणि पॅथॉलॉजीही सिस्टच सांगते. शीर्षकाला भुलायचं नाही, आतला मजकूर वाचायचा. मेलॅनोमासारखा कर्करोगही कातडीत उगवलेला, म्हणून तो कितीही मोठा कापला तरी आमच्या प्रकरणात येत नाही. आणि कधी एकाच माणसाच्या अंगावर गाठीच गाठी असतात. मी एकदा अकरा गाठींचा चार्ट केला. प्रत्येकीची जागा वेगळी, खोली वेगळी, माप वेगळं, प्रत्येकीला स्वतंत्र नंबर. जखमा शिवल्या तर एका गटातल्या टाक्यांच्या लांब्या बेरजेत धरतात, गाठींची बेरीज मात्र करायची नसते. त्या दिवशी माझा चार तासांचा कोटा त्या एका माणसाने खाल्ला.

२०१७ साली मी सीपीसीची, म्हणजे कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा दिली. तेव्हा दीडशे प्रश्न आणि पाच तास चाळीस मिनिटं असत, आता शंभर प्रश्न आणि चार तास आहेत. पुस्तकं उघडून परीक्षा. घरच्यांना वाटलं मग काय, कोणीही पास होईल. पुस्तक उघडं असलं तरी पान सापडावं लागतं. मी गाठींच्या पानांना पिवळ्या पट्ट्या लावल्या होत्या, चरबीचा रंग म्हणून. उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के लागतात. मला एक्क्याऐंशी पडले.

एक चार्ट मात्र अजून मनातून जात नाही. वय, गाव, महिना काही सांगणार नाही. सांगताही येत नाही. मांडीतली गाठ, आवरणाच्या खाली, पाच सेंटिमीटरच्या वर. मी २७३३९ दिला. आजाराचा नंबर द्यायला पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून चार्ट होल्डवर. इथे नवे कोडर नेहमी घसरतात. ‘अनिश्चित स्वरूपाची गाठ’ असा एक नंबर आजारांच्या यादीत आहे, तो डॉक्टरला अजून माहीत नाही म्हणून द्यायचा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही पॅथॉलॉजिस्टला साधी की वाईट ते ठरवता येत नाही, तेव्हाच तो द्यायचा. रिपोर्ट येईपर्यंत थांबणं उत्तम. चार दिवसांनी रिपोर्ट आला. सर्जनच्या नोंदीत ठिकठिकाणी ‘लायपोमा’ होतं, म्हणजे साधी चरबीची गाठ. रिपोर्टात लायपोसार्कोमा होतं. चरबीतलाच कर्करोग.

नियमाने मी काय करायचं ते स्वच्छ आहे. आजाराचा नंबर सी अक्षराचा द्यायचा. ऑपरेशनचा नंबर तोच ठेवायचा, कारण त्या दिवशी सर्जनने जे केलं तेच केलं, कर्करोगासाठी रुंद कड घेऊन केलेली शस्त्रक्रिया ती नव्हतीच. मी दोन्ही नंबर भरले आणि सबमिट केलं. मग नुसतीच बसून राहिले. रुग्णाला अजून सांगितलं असेल का? का मला आधी कळलं? चहाला गेले तेव्हा टीम लीड म्हणाला, “कोटा राहिलाय तुझा.” त्याचंही बरोबर होतं.

साधारण महिन्याभराने तोच रुग्ण पुन्हा माझ्या रांगेत आला. या वेळी मोठी शस्त्रक्रिया, भोवतालच्या निरोगी स्नायूसकट सगळं काढलेलं. २७३६४. सर्जन दुसरा होता आणि त्याने इतकं नेटकं लिहिलं होतं की मला एकही प्रश्न पडला नाही. कुठून कुठपर्यंत, कोणता स्नायू किती, कड किती, माप किती. कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्टही आला. त्यानंतर तो रुग्ण माझ्याकडे आला नाही. दुसऱ्या कोणाकडे गेला असेल. कोडरला गोष्टीचा मधला एखादा प्रवेश बघायला मिळतो, पडदा कधी पडला ते कळत नाही.

या चार्टामुळेच मी आप्पांच्या मागे लागले. त्यांच्या पाठीवर उजव्या बाजूला गाठ होती, मी शाळेत असल्यापासूनची. लहानपणी आम्ही त्यांच्या पाठीवर बसायचो तेव्हा ती धरायला बरी पडायची. आई तिला ‘तुझ्या आप्पाची लक्ष्मी’ म्हणायची. पण अलीकडे ती वाढली होती. सणाला गेले तेव्हा मी बोटांनी चाचपली आणि माझ्या डोक्यात पाच सेंटिमीटरची रेषा वाजायला लागली. पाचच्या वर, खोल, वाढती: सर्जन याच गोष्टींना बिचकतात.

“आगं वीस वर्षं हाय ती,” आप्पा म्हणाले. “दुखत न्हाई, खुपत न्हाई. तिला कशाला डिवचतीस?”

“वाढलीय आप्पा.”

“मी पण वाढलोय की.”

शेवटी तालुक्याच्या गावी एका सर्जनकडे नेलं. जागा बधिर करून पाऊण तासात काढली. माणूस हाताने उत्तम, आप्पांना कळलंही नाही. बाहेर येऊन त्यांनी ट्रेमध्ये गाठ दाखवली. पिवळीजर्द, लोण्याच्या गोळ्यासारखी, वर पातळ पापुद्रा. सहा वर्षं मी गाठी वाचत होते, डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते.

“साधी लायपोमा आहे. तपासायला नाही पाठवली तरी चालेल,” ते म्हणाले.

“पाठवायची आहे सर. आणि फॅशियाच्या वर होती की खाली?”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “ताई, तुम्ही मेडिकलच्या आहात का?”

“तसंच काहीतरी.”

“वरच होती. फॅशिया दिसली, पण उघडावी लागली नाही.”

हे असं वाक्य! क्वेरी पाठवून पंधरा-पंधरा दिवस ज्याची आम्ही वाट बघतो ते मला उभ्या उभ्या मिळालं. किती सेंटिमीटर विचारलं, तर म्हणाले, लिंबाएवढी धरा. गाठ फॉर्मलिनच्या डबीत घालून त्यांनी माझ्याच हातात दिली. आपल्याकडे तशीच रीत आहे. पुण्याच्या एसटीत ती डबी मी मांडीवर धरून बसले होते आणि शेजारची बाई विचारत होती, तूप का? आठ दिवसांनी रिपोर्ट आला. लायपोमा, ५.५ बाय ४ बाय २ सेंटिमीटर. म्हणजे आकसून एवढी. लिंबू नव्हतं ते, लहान मोसंबं होतं.

आप्पा माझ्या कंपनीच्या विम्यात आहेत. कागद पाठवले आणि चौथ्या दिवशी मला क्वेरी आली. मला! नऊ वर्षं मी जगाला क्वेरी पाठवते. गाठीचा आकार काय, तक्रार काय होती, किती दिवसांपासून, ऑपरेशन सौंदर्यासाठी नव्हतं याचा पुरावा काय. डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. त्यावर इंग्रजीत एवढंच होतं: पाठीवरची गाठ, काढली. खाली तीन गोळ्या आणि टाके काढायची तारीख. जागा अर्धवट, खोली नाही, माप नाही, तक्रार नाही. आमच्या फ्लोअरवर हा चार्ट आला असता तर मीच होल्डवर टाकला असता. सहासष्ट वर्षांचा शेतकरी पाठीच्या सौंदर्यासाठी कशाला ऑपरेशन करून घेईल, असं आप्पा चारदा म्हणाले. पण पलीकडे बसलेल्या माणसाला आप्पा दिसत नव्हते. त्याला कार्ड दिसत होतं. त्याच्यावर मला रागावता येईना, कारण त्याच्या खुर्चीची मला चांगली ओळख आहे.

पुन्हा रजा काढून तालुक्याला गेले. डॉक्टर जरा वैतागले. “ताई, ओपीडीत साठ पेशंट बसलेत. सात ओळींच्या कार्डावर मी निबंध लिहू का?”

“निबंध नको सर, चार शब्द हवेत. उजवी बाजू, त्वचेखाली, पाच सेंटिमीटरच्या वर, वर्षभरात वाढलेली. बाकी काही नको.”

त्यांनी लेटरहेड ओढलं आणि लिहिलं. एक मिनिटही लागलं नाही. लिहिताना मान वर न करता विचारलं, “अमेरिकेत डॉक्टर हे सगळं लिहितात?”

मी खरं तेच सांगितलं. “तिकडचेही विसरतात सर. म्हणून तर मला पगार मिळतो.”

ते हसले. विम्याचे पैसे पुढच्या महिन्यात आले. हातमोजे, कापूस, पट्टी असलं वजा करून अठरा हजारांतले पंधरा हजार दोनशे. आप्पांनी पहिल्यांदा क्लासच्या फीचा हिशोब काढला आणि आता ती वसूल झाली असं जाहीर केलं.

गेल्या दिवाळीत आमच्या चुलत्यांच्या कमरेवरची गाठ त्याच डॉक्टरांनी काढली. मी पुण्यात होते. चुलतभावाने कार्डाचा फोटो पाठवला. त्यावर निळ्या शाईत होतं: कंबर, त्वचेखाली, फॅशियाला धक्का नाही, ३.५ सेंमी. डावी का उजवी, ते राहिलं होतं. मी दवाखान्यात फोन करून ते लिहून घ्यायला लावलं.